रक्तकणाचा चातुर्मास

आज आषाढ शुद्ध एकादशी. आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. परवाच कांदेनवमी झाली आणि कांदा, लसूण, वांगे यांना घरोघर चार महिन्यांचा निरोप मिळाला. कोणी एकभुक्त राहण्याचा नियम धरला असेल, कोणी पोथीचा, कोणी मौनाचा. अशा मंगल दिवशी रक्तातील साखरेचा विषय काढणारा कीर्तनकार वाचकांस काहीसा विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षी नेमक्या याच दिवसांत आमच्या घरी एक कागद आला आणि त्या कागदाने एका मुलीचे ठरलेले लग्न मोडण्याच्या बेतात आणले. त्या निमित्ताने मला जे कळले ते उपवास-व्रते सांभाळणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे सांगतो.

मुलगी माझ्या भाचीची. वय चोवीस. पुण्यात नोकरीला आहे. तिच्या कचेरीत सर्वांची रक्ततपासणी झाली. अहवालातील एका ओळीपुढे ५.९ टक्के हा आकडा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत शेरा : ‘मधुमेहपूर्व स्थिती’. त्या तपासणीचे नाव एचबीएवनसी. बोलताना आपण तिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो. मुलगी सरळ मनाची. तिने तो कागद होणाऱ्या नवऱ्यास दाखवला, त्याने आईस, आईने आपल्या सासूबाईंस. त्या आजींनी मधुमेहापायी पतीचा पाय गेलेला पाहिलेला. “आत्ताच साखर, तर पुढे मुलेबाळे कशी व्हायची?” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे भय खोटे नव्हते. पण त्या आकड्याचा अर्थ त्या घरी कोणास ठाऊक नव्हता, आमच्या घरी तर मुळीच नव्हता. भाची लेकीस घेऊन पंढरपुरास आली. चाळीस वर्षे शब्दांचे अर्थ सांगत हिंडणारा मी, एका आकड्यापुढे निरुत्तर झालो.

आमच्या गावातील एक अनुभवी डॉक्टर कधीमधी कीर्तनास येऊन बसतात. मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, “बुवा, रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे तुमचा एक चातुर्मासच. तेवढे ध्यानात धरा, बाकीचे आपोआप कळेल.”

आणि खरोखर कळले. तांबडी पेशी हिमोग्लोबिन या द्रव्याने भरलेली असते. रक्तातून वाहणारी साखर त्या हिमोग्लोबिनला जाता येता चिकटते. हे चिकटणे सावकाश, आपोआप होते आणि एकदा पक्की चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत सुटत नाही. रक्तात साखर जितकी अधिक आणि पेशी जितकी जुनी, तितका हा लेप अधिक. शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भागांस अशी साखर लागली आहे, ते सांगणारी टक्केवारी म्हणजे तीन महिन्यांची साखर. उपाशीपोटी घेतलेले रक्त केवळ त्या सकाळची हकीकत सांगते. आदल्या रात्री लंघन केले तर ती हकीकत अंमळ बरी होते. हा आकडा मात्र एका एकादशीने उतरत नाही आणि एका द्वादशीच्या पुरणपोळीने चढत नाही. अगदी सर्व दिवस सारखे मोजले जातात असेही नाही. आकड्याचा जवळजवळ अर्धा भाग गेल्या एका महिन्याने घडवलेला असतो, उरलेला त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांनी.

मुंग्यांपासून यंत्रापर्यंत

संस्कृत ग्रंथांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रोग प्रकट होण्यापूर्वीच रुग्णाच्या अंगाकडे व मूत्राकडे भुंगे, मुंग्या धाव घेतात, असे निरीक्षण नोंदवले आहे. कारणे सांगताना चरकाचार्य बसण्याच्या सुखाचा आणि निजण्याच्या सुखाचा आरंभीच उल्लेख करतात. दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही यादी त्यानंतर येते. सुश्रुतांनी तर प्रमेहाचे दोन वर्ग केले : एक जन्मतःच येणारा, दुसरा अपथ्यामुळे ओढवणारा. मुंग्यांची ही साक्ष मोलाची. पण मूत्रात साखर उतरेपर्यंत रक्तातील साखर फार वर गेलेली असते. त्याआधीची, तरुणपणातील, हळूहळू सरकणारी अवस्था मुंग्यांना कळत नाही.

ती कळण्याचा मार्ग सापडला तेहरानमध्ये. सॅम्युएल राहबर हे इराणी संशोधक हिमोग्लोबिनचे दोष शोधत असता मधुमेही रुग्णांच्या रक्तात त्यांना एक निराळाच पट्टा आढळला. ही गोष्ट १९६८ सालची. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की हा पट्टा रुग्णाच्या साखरेच्या ताब्याबरोबर वरखाली होतो. मधुमेहाचे निदान याच आकड्यावरून करण्यास अमेरिकेतील मधुमेह संघटनेने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्यता दिली. असो.

निरोगी तरुणाचा आकडा कोणता?

डॉक्टरांनी कागदावर तीन रेघा ओढल्या. ५.७ च्या खाली : साधारण. ५.७ ते ६.४ : मधुमेहपूर्व. ६.५ आणि वर : मधुमेह, पण तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील तर एका कागदावर विसंबायचे नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यायची. मधली रेघ अमेरिकेतील संघटनेची. जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारलेली नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

“मग निरोगी तरुणाचा नेमका आकडा कोणता?” मी विचारले. शास्त्रपंडितांस नेमक्या उत्तराची खोड असते.

नेमका आकडा नसतो, पट्टा असतो. ज्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ज्याने या तपासणीस प्रतिष्ठा दिली, त्यात मधुमेह नसलेल्यांची सरासरी ५ च्या किंचित वर होती आणि बहुतेक सर्व ४ ते ६ च्या दरम्यान बसले होते. टक्क्यांचे नेहमीच्या साखरेत रूपांतर करण्याचे एक सूत्र २००८ पासून रूढ आहे : आकड्यास २८.७ ने गुणावे आणि ४६.७ वजा करावेत. त्याप्रमाणे ५ टक्के म्हणजे दर १०० मिलीलिटर रक्तात सरासरी ९७ मिलिग्रॅम साखर, ५.५ म्हणजे १११, ६ म्हणजे १२६. आता दुसऱ्या बाजूने पाहा. २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात ते ऐंशी वर्षे वयाच्या निरोगी माणसांच्या अंगावर लहानसे यंत्र चिकटवून त्यांची साखर रात्रंदिवस मोजली होती. साठीच्या आतील सर्व वयोगटांची सरासरी ९८-९९ भरली; साठीपुढील लोकांची १०४. सूत्र उलटे चालवले की ९८-९९ चे उत्तर पाचाच्या किंचित वर येते. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले लोक एकाच देवळापाशी भेटावेत, तसे मला वाटले.

त्याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट आजच्या तरुणांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही निरोगी माणसेसुद्धा दिवसातून साधारण अर्धा तास १४० च्या वर जात होती. हल्ली काही हौशी तरुण असे यंत्र दंडावर लावून हिंडतात, एका जिलबीनंतर १५० दिसले की त्यांचा जीव घाबरा होतो. जेवणानंतर साखर चढणे आणि दोन तासांत उतरणे हा निरोगी शरीराचा श्वासोच्छ्वास समजावा.

वयाचाही थोडा भाग आहे. मधुमेह नसलेल्या माणसाचा हा आकडा दरवर्षी सुमारे एक शतांश टक्क्याने वाढत जातो, असे अमेरिकेतील दोन मोठ्या पाहण्यांत दिसून आले. चाळीस वर्षांत ही वाढ चार दशांशांच्या आसपास होते. माझा स्वतःचा आकडा ५.७ आहे, माझ्या नातवाचा ५.२. रेघा वयाप्रमाणे बदलत नाहीत. परंतु माझे ५.७ आणि विशीतील मुलाचे ५.७ ही एकच गोष्ट नव्हे, एवढे तारतम्य ठेवावे. पंचविशीत साडेपाचाच्या पलीकडे सरकणारा आकडा ‘साधारण’च्या रकान्यात असला तरी, घरात आईवडिलांस मधुमेह असेल तर त्याकडे डोळेझाक करू नये, असे माझे मत झाले आहे. उलटपक्षी ५.६ आणि ५.७ यांच्यामध्ये आकाश फाटत नाही. उत्तम प्रमाणित यंत्राच्या आकड्यातही पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे ५.७ लिहिलेला खरा आकडा ५.४ असू शकतो किंवा ६ सुद्धा.

खालच्या पापणीतील पांढुरकेपणा

हे सर्व ऐकून भाचीचा चेहरा उजळला नाही. ५.९ तो ५.९च. डॉक्टरांनी मग मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि दोन-चार प्रश्न विचारले. जिना चढताना धाप लागते काय? पाळीच्या वेळी अंगावर फार जाते काय? जेवण काय, चहा किती? शेवटी विचारले, “उपवास किती करतेस?”

मुलगी म्हणाली, “सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्या.”

“उपवासाला काय खातेस?”

“साबुदाणा. आणि चहा.”

दोन तपासण्या सांगितल्या गेल्या. उपाशीपोटी साखर ८४ निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी ११२. पहिलीची साधारण मर्यादा १०० च्या आत, दुसरीची १४० च्या आत. डॉक्टर म्हणाले, “सूत्राने ५.९ म्हणजे दिवसरात्रीची सरासरी १२३. जी मुलगी ग्लासभर ग्लुकोज पिऊन दोन तासांत ११२ वर येते, तिची सरासरी १२३ कशी असेल? दोहोंपैकी एक साक्षीदार चुकतो आहे.” चुकणारा साक्षीदार कोण, ते तिसऱ्या कागदाने सांगितले. हिमोग्लोबिन ८.७, निदान १२ असावयास हवे. शरीरातील लोहाचा साठा जवळजवळ रिता.

लोह कमी पडले की हा आकडा साखर न वाढताही वर चढतो. त्याचे कारण असे सांगतात, की नव्या पेशी घडण्याचा वेग मंदावतो, रक्तात जुन्या पेशींचा भरणा होतो, आणि जुन्या पेशीस साखर अधिक दिवस लागलेली असते. चातुर्मासाचे गणितच बिघडते म्हणा ना! आपल्या देशात ही अडचण थोड्यांची नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. विदर्भात आणि नंदुरबारकडील आदिवासी वस्त्यांत आढळणारा सिकलसेलचा दोष, रक्तपेशी लवकर फुटण्याचे आजार, नुकताच झालेला मोठा रक्तस्राव किंवा बाहेरून चढवलेले रक्त, यांमुळे तो असावा त्याहून कमी दिसू शकतो. गर्भारपणातही तो खाली उतरतो, म्हणून गर्भवतीच्या मधुमेहासाठी या आकड्यावर न थांबता ग्लुकोजचे पाणी पाजून तपासणी करतात. आजींच्या ‘मुलेबाळे’ या शंकेस डॉक्टरांनी हेच उत्तर दिले : ती तपासणी त्या वेळी होईलच, जशी प्रत्येकीची व्हावयास हवी.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पाळीच्या तक्रारीवर वेगळा उपचार सुरू केला आणि सांगितले, “साखरेचा कागद आता लगेच काढायचा नाही. गोळ्यांनी नव्या पेशींची लाट येईल, त्यांना अजून साखर लागलेली नसेल, आकडा खोटाच खाली दिसेल आणि तुम्ही पेढे वाटाल. एक पिढी जाऊ द्या. कार्तिकीनंतर या.”

मला मात्र त्या दिवशी घरी परतताना साबुदाणा टोचत होता. साबुदाणा कंदाच्या पिठापासून होतो. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, लोह तर नावालाच. वर जेवणालगत चहा, जो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. श्रावणात शाकव्रत म्हणून पालेभाजीही बंद. या मुलीच्या निष्ठेचे मीच आप्तांत कौतुक केले होते. आमच्या पंढरपुरातच काशिनाथशास्त्री उपाध्याय यांनी रचलेल्या धर्मसिंधूत अशक्तांसाठी एकभुक्त, नक्त असे सौम्य पर्याय दिलेले आहेत. ते मी अनेकांना वाचून दाखवले आहेत. घरच्या मुलीस दाखवले नव्हते.

ज्याचा आकडा खरा होता

हे वाचून कोणी आपला वाढलेला आकडा ‘रक्त कमी असेल’ म्हणून उडवून लावू नये, यासाठी दुसरी हकीकत सांगणे भाग आहे.

माझ्या कीर्तनात पखवाजाची साथ करणारा एक तरुण आहे. वय एकोणतीस, हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र थोडे पुढे. आई आणि वडील दोघेही मधुमेही. त्याने वारीच्या वाटेवरील एका शिबिरात उपाशीपोटी साखर तपासली, ती ९६ निघाली आणि तो निर्धास्त झाला. “बुवा, मी बारीक आहे, मला काय होणार?” मुलीच्या प्रकरणानंतर मीच त्याला डॉक्टरांकडे पाठवले. आकडा ६.२. हिमोग्लोबिन उत्तम. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १६८. येथे सर्व साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

‘बारीक आहे’ या समजुतीस पुण्याने चांगले उत्तर दिलेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ, आतून मेदयुक्त असे हे आपले भारतीय शरीर. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकेच टेपला महत्त्व आहे : पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर भरली की जपावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजाप्रमाणे देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक आहेत.

त्या दुसऱ्या गटातून मागे फिरता येते, हा यातील आशेचा भाग. अमेरिकेतील ज्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात आठवड्यास दीडशे मिनिटे चालणे आणि थोडे वजन उतरवणे एवढ्यानेच मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईतील तशाच प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, ही घट २८.५ टक्के होती. आपल्या मातीत लढाई अधिक कठीण आहे, पण हरलेली नाही. सुश्रुतांनी निर्धन प्रमेही माणसास सांगितलेला उपाय वाचून मी पूर्वी हसत असे : पायात जोडा नको, डोक्यावर छत्र नको, भिक्षा मागून खावे, एका गावी एकच रात्र राहावे आणि मुनीसारखे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. धनवानास सांगितले आहे, की श्यामाक आणि नीवार, म्हणजे सावा आणि रानभात खाऊन राहावे. कोणी म्हणेल ही वारीच झाली. पखवाजवाल्यानेही तेच म्हणून पाहिले, “मी दरवर्षी आळंदीहून चालत येतो की!” डॉक्टर म्हणाले, “अठरा-वीस दिवस चालतोस, आणि उरलेले अकरा महिने?” वारीनंतर काढलेला त्याचा आकडा ५.९ होता, माघात तोच ६.३ झाला. शेवटच्या महिन्याचा भार किती असतो, ते याहून निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज उरली नाही. आता तो रोज पहाटे गोपाळपुरापर्यंत चालत जाऊन येतो. भात निम्मा केला आहे. चहातील साखर सुटलेली नाही.

राहिली आमची मुलगी. कार्तिकी एकादशी झाली, गर्दी ओसरली आणि पौर्णिमेनंतर भाची तिला घेऊन आली. हिमोग्लोबिन १२.४. तीन महिन्यांची साखर ५.३. डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून त्याखाली मराठीत चार ओळी लिहून दिल्या, कारण तो कागद त्या आजी वाचणार होत्या. आजींनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि आपल्या सुनेला म्हणाल्या, “माझेही रक्त एकदा तपासून आणा.” त्यांचे ८.१ निघाले.

निघताना मुलीने मला विचारले, “आजोबा, आता उपवास धरू का?” डॉक्टर काही बोलले नाहीत, माझ्याकडे पाहू लागले. मी तिला एकादशी ठेव म्हणालो, तीही फळे, दूध, शेंगदाणे, राजगिरा घेऊन. सोमवार आणि गुरुवार सोड. शाकव्रत सोड. चहा जेवणापासून दूर ठेव आणि पालेभाजीवर लिंबू पिळ. तिची आई म्हणाली, “मामा, गुरुवार तिने लग्नासाठी धरला होता.”

लग्न मार्गशीर्षात झाले.